रविवारी सकाळी गच्चीवर सूर्याचे डाग

बी-२०४ काकू: गच्चीवर लेकरं एक्स-रेची फिल्म डोळ्यापुढं धरून सूर्याकडं बघायलेत. कोणाची आहेत?

सी-१०१: माझीच. ग्रहणाला आम्हीबी तसंच बघायचो की काकू, काय झालं?

ए-३०२ सर: नशीब म्हणा. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, भाजलं तरी त्या वेळी पत्ता लागत नाही. फिल्म, सीडी, काजळीची काच, गॉगल, सगळं बाद.

सी-१०१: मग डाग बघायचे कसे सर? शाळेत सांगितलंय म्हणे.

ए-३०२ सर: रविवारी आठला माझी छोटी दुर्बीण आणतो. डोळा लावायचाच नाही. नेत्रिकेमागं, म्हणजे एरवी डोळा लावतो त्या भिंगामागं, पांढरा कागद धरायचा, सूर्य त्यावर उतरतो. नळीची सावली सगळ्यात लहान झाली की नेम बसला. फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या बाजूच्या छोट्या दुर्बिणीला, टोपण हवंच, कोणीतरी डोकावतंच त्यातून.

डी-४०३: माझ्या दुर्बिणीसोबत नेत्रिकेत बसवायचा काळा फिल्टर आलाय, तो चालेल?

ए-३०२ सर: कचऱ्यात टाका दादा. सगळी उष्णता तिथंच गोळा होते. काच तडकली की थेट डोळ्यात. फिल्टर पुढच्या तोंडावर लागतो, लाखातला एक भाग प्रकाश सोडणारा. उजेडाकडं धरून टाचणीएवढं छिद्र दिसलं तरी वापरायचा नाही.

डी-४०३: आणि फोटो?

ए-३०२ सर: तसलाच फिल्टर लेन्सपुढं, चिकटपट्टीनं पक्का. वाऱ्यानं उडाला तर संपलं. ३०० मिमी लेन्स, आयएसओ १००, फोकस हातानं सूर्याच्या कडेवर. शटर कमी-जास्त करून बघा.

बी-२०४ काकू: आठच का? रविवारी जरा झोपू द्या 😄

ए-३०२ सर: दहाला स्लॅब तव्यासारखी तापते. वरची हवा थरथरली की डागांच्या कडाच दिसत नाहीत.

ए-१०३ आजोबा: डाग वाढले म्हणून लातूर एवढं तापायलंय, असा मेसेज आलाय.

ए-३०२ सर: नाही आजोबा. डाग साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात-घटतात. भर असतानाही सूर्याचं तेज ०.१ टक्क्याच्या आसपासच वाढतं. भोवतालचा पृष्ठभाग ५,५०० अंशांचा, डाग ३,५०० च्या आगेमागे, म्हणून काळा दिसतो. आपल्या उन्हाचा दोष त्यांच्यावर नको.

सी-१०१: धूळ कोणती, डाग कोणता, कसं कळणार?

ए-३०२ सर: दुर्बीण हलवू नका. सूर्य कागदावर आपोआप सरकतो, त्याच्यासोबत सरकला तो डाग. लेकरांना १० सेंटिमीटरचं वर्तुळ काढून आणायला सांगा, सूर्य त्यात बसवू. त्या मापात आपली पृथ्वी जेमतेम १ मिलिमीटरची. रोज त्याच वेळी डाग टिपले तर सूर्य फिरतो तेही दिसेल.

सचिव: किल्ली वॉचमनकडं ठेवतो. साडेआठला टँकर आहे, टाकीपाशी गर्दी करू नका.

बी-२०४ काकू: माझ्या कुरडया वाळायल्यात तिथं. पाय देऊ नका म्हणजे झालं.