घरीच ब्रेक ऑइल बदलायचं आहे: सामान, क्रम, अनुभव सांगा

घाटवाट
नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. ७८ हजार किलोमीटर झालेत. गेल्या रविवारी कराडहून चिपळूणला चाललो होतो, सासुरवाडीला. कुंभार्ली घाट उतरताना शेवटच्या वळणांवर पेडल स्पंजसारखं खाली जायला लागलं. दोनदा पंप मारल्यावर कुठे ब्रेक धरला. पोफळीला गाडी लावून चहा घेतला, अर्ध्या तासाने बघतो तर पेडल पुन्हा ठणठणीत. ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत कोऱ्या चहाचा रंग! मी गाडी घेतल्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून तरी बदललेलं नाही.
गॅरेजवाला म्हणतो, "लेव्हल आहे ना, मग कशाला बदलताय?" म्हणून घरीच करावं म्हणतो. कुठलं ऑइल, काय सामान, एकट्याने जमेल का?

काळे हात
ऑइल उकळलं तुमचं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) चं ताजं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. घाटात सारखा ब्रेक दाबून धरला की कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) तापतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि तुमचा पाय ब्रेक दाबायच्या ऐवजी वाफ दाबत बसतो. गार झालं की वाफ जिरते, पेडल परत कडक. थंड गाडीतही स्पंज लागत असता तर मी आधी हवा किंवा गळती शोधायला सांगितलं असतं.
झाकणावर डॉट ३ लिहिलं असेल तरी डॉट ४ चालतं. ५.१ ही चालतं. नुसतं ५ मात्र घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, याच्यात मिसळत नाही. अर्धा लिटर पुरतं, पण पहिल्यांदा करताय तर एक लिटर आणा. सीलबंदच आणा, दुकानदाराच्या फळीवरची अर्धी उघडी बाटली नको.
आणि उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती का हो?

घाटवाट
चौथ्यात. 🙈

सरळमार्गी
मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ब्रेक ही युट्यूब बघून शिकायची गोष्ट नाही. चार पैसे द्या आणि करून घ्या.

काळे हात
चुकीचं नाही म्हणत. पण मग शेजारी उभे राहून करून घ्या. कित्येक ठिकाणी टाकीतलं जुनं पिचकारीने ओढतात, नवं भरतात, झालं. निपलला (चाकामागचा ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) पानाच लागत नाही. खालच्या पाइपात आणि कॅलिपरात तेच जुनं पाणीदार ऑइल राहतं, आणि तापतं तर तेच.

खारं वारं
रत्नागिरीकर इकडे. आमच्याकडे खरी लढाई निपल सुटण्याची. आदल्या रात्री चारही निपलांवर गंज सोडवायचा स्प्रे मारा, सकाळी परत एकदा. आणि फिक्स पाना अजिबात लावायचा नाही, कडा घासल्या की संपलं. रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेट, बहुतेक ८ किंवा १० नंबर. मी घाईत एक निपल मोडलं होतं, पाच मिनिटांच्या कामाला नवा व्हील सिलिंडर लागला. हलत नसेल तर तिथेच थांबा, ती गाडी गॅरेजची.

काळे हात
लाखाचं बोललात. बाकी सामान असं: मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज, माशांच्या टाकीची पारदर्शक नळी (निपलवर घट्ट बसेल अशी), एक रिकामी बाटली, चष्मा, आणि पाण्याची बादली. बादली विसरायची नाही, हे ऑइल रंग खातं. थेंब पडला तर पुसत बसू नका, पाणी ओता. चाक काढलं की गाडी जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. विटांवर तर नाहीच नाही.
आधी सिरिंजने टाकीतलं जुनं काढा, नवं भरा, मगच निपल. आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा टाकीखालचा पंप) पेडल रोज जिथवर जातं त्याच्या पुढे गंज-कचरा असतो, तळापर्यंत दाबलं की सील त्यावर घासतं.

गिअर_नंबर_पाच
क्रम? मी नेहमी मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा करतो. आपला मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणजे लांबून जवळ.

काळे हात
बऱ्याच गाड्यांना बरोबर. पण काहींच्या लाइन तिरक्या जोडलेल्या असतात, मागचं डावं पुढच्या उजव्याबरोबर. त्यांचा क्रम वेगळा. मॅन्युअल सांगेल ते खरं. आणि क्लचही याच टाकीवर चालत असेल तर त्याचंही निपल उघडावं लागतं, ते सगळे विसरतात. एबीएसवाल्यांनी टाकी रिकामी होऊच द्यायची नाही. मॉड्यूलमध्ये हवा शिरली की स्कॅनर लावल्याशिवाय ती निघणं मुश्किल.

घाटवाट
झालं एकदाचं! बायकोला पेडलवर बसवलं. ठरलं असं: मी "दाब" म्हणणार, ती दाबून "दाबलं" म्हणणार, मी निपल पाव फेरा उघडणार, बंद केल्यावर "सोड". पहिल्या चाकाला मी "थांब, सोडू नको" म्हणालो, इंजिनाच्या बाजूला शेजारच्यांचा मिक्सर चालू, तिला फक्त "सोड" ऐकू आलं. नळीतला बुडबुडा सरळ उलटा आत. मग ते चाक पहिल्यापासून. त्यानंतर "उघड" आणि "बंद" हे मी मनात, आणि तिच्याशी फक्त "एक" आणि "दोन".
मागच्या डाव्यातून आलेलं पहिलं ऑइल तर काळपट, तळाला गाळ. दर पाच-सहा दाबांना टाकी भरत गेलो. पाऊण लिटर संपलं. बुडबुडे बंद, ऑइल मधासारखं पिवळसर.
एक शंका: पेडल आता कडक आहे, पण पूर्वीसारखंच खाली जाऊन मग धरतं. हवा राहिली का?

काळे हात
कडक आहे ना? मग हवा नसावी. हवा असती तर पंप मारल्यावर वर येऊन परत स्पंज लागलं असतं. हँडब्रेक किती टकटक वर येतो?

घाटवाट
अकरा.

काळे हात
मागचे ड्रम सैल आहेत. लायनिंग झिजलं की गॅप वाढतो, आपोआप ॲडजस्ट करणारा चक्कर अडकला असेल. ड्रम उघडा, लायनिंगची जाडी बघा, चक्कर साफ करून चाक किंचित घासेल इतपत फिरवा. हँडब्रेकची केबल ओढून भागवू नका, ते सगळ्यात शेवटी. आणि पहिली चाचणी मोकळ्या रस्त्यावर, दहा-पंधराच्या वेगात.

घाटवाट
पुढच्या रविवारी ड्रम. बाटलीत पाव लिटर नवं उरलंय, आणि जुन्या ऑइलचं काय करायचं?

खारं वारं
उरलेलं वर्षभर ठेवायचा मोह नको, उघडलेली बाटलीही पाणी ओढतेच. जुनं गटारात नाही. इंजिन ऑइलपासून वेगळ्या बाटलीत, वर नाव लिहून, गॅरेजच्या जुन्या ऑइलवाल्याकडे. घेतो का ते आधी विचारा. आणि बाटली पाण्याची असेल तर पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.