पुण्याहून ताम्हिणी, मग समुद्राकाठचा रस्ता: बाइकवर पाच दिवसांत मालवण जमेल का?

तिसरा_गिअर
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस मोकळे आहेत. दोन गाड्या आहेत. एक क्लासिक ३५०, स्पोकची चाकं, मागे बायको. दुसरी १५० सीसी, मागे ड्रम ब्रेक, एकटा मित्र. ताम्हिणी उतरून हरिहरेश्वर, तिथून किनाऱ्यानं मालवण आणि आंबोलीमार्गे परत असा बेत आहे. नकाशावर रोज दोनशे ते अडीचशे किमी पडतात. जमेल का? गाडीची तयारी काय करावी? आणि फेरीबोटीत बाइक चढवताना काही अडचण येते का?

खाडीकाठ
मालवण पाच दिवसांत नका धरू. हा रस्ता किलोमीटरवर मोजायचा नाही, तासांवर मोजायचा. गावातून जाणारा अरुंद रस्ता, दर दोन-तीन किमीला चढउतार, मध्ये खाड्या. थांबे धरून ताशी पंचवीस-तीसच्या वर सरासरी पडत नाही. त्या हिशेबानं अडीचशे किमी म्हणजे आठ ते दहा तास, आणि डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. शिवाय मालवण ते पुणे हा परतीचा एकच दिवस धरलात तर तो चारशेच्या आसपास जातो, तोही थकल्या अंगानं.

पाच दिवसांत नीट बसेल असं सांगतो.

पहिला दिवस: पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. सुमारे पावणेदोनशे किमी. पिरंगुटला टाकी फुल्ल करा आणि माणगावला पुन्हा भरा.

दुसरा: बागमांडला ते वेसवी फेरी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, कर्दे, लाडघर, दाभोळ. तिथून धोपाव्याची फेरी आणि गुहागर. साधारण सव्वाशे किमी, पण दिवस पूर्ण जातो. केळशी ते आंजर्ले हा तुकडा घाईत काढू नका.

तिसरा: वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ ते जयगड फेरी, गणपतीपुळे, आरेवारे, रत्नागिरी. तवसाळची फेरी चुकवून चिपळूणवरून रस्त्यानं गेलात तर वळसाही मोठा आणि मधलं सगळं सौंदर्यही जातं.

चौथा: पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य (सूर्यमंदिर), आडिवरे, राजापूर, मग ओणी-पाचलवरून अणस्कुरा घाट चढून मलकापूर आणि कोल्हापूर. हा दिवस दोनशेच्या आसपास. अणस्कुऱ्याच्या पायथ्याशी दुपारी तीनच्या आत पोचलं पाहिजे.

पाचवा: कोल्हापूर ते पुणे, महामार्गानं सव्वादोनशे ते दोनशे तीस किमी धरा.

मालवण हवंच असेल तर सात दिवस काढा.

पानापेटी
गाडीबद्दल. निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नका, आठवडाभर आधी करा आणि मधे शंभरेक किमी चालवा. सैल राहिलेला नट, गळणारं सील याच अंतरात उघडं पडतं.

चेन: ढिलाई मॅन्युअलातल्या आकड्यावर ठेवा, पण तपासताना मागे माणूस आणि सामान बसवून बघा. वजनानं सस्पेन्शन दबलं की चेन ताणते. रिकाम्या गाडीवर घट्ट वाटणारी चेन भरल्या गाडीवर आणखी ताठ होते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो. किनाऱ्यावर वाळू आणि खारा वारा, म्हणून रोज मुक्कामी चेन कोमट असतानाच पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं सोडा. सकाळी सोडलंत तर अर्धं चाकावर उडतं.

ब्रेक: पॅडचं लायनिंग दीड-दोन मिमीवर आलं असेल तर आताच बदला. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि घाट उतरताना कॅलिपर तापला की त्या पाण्याची वाफ होऊन लिव्हर पोकळ लागतो.

क्लासिकला ट्यूब आहे, त्यामुळे ट्यूबलेस टायरच्या पंक्चर किटमधल्या पट्ट्या कामाच्या नाहीत. पुढची-मागची एकेक ट्यूब, दोन टायर लिव्हर, हवा भरायचा छोटा पंप, मागचं चाक काढायला लागणारे पाने, हे सगळं जवळ हवं. क्लच केबल नवी आणून जुन्या केबलच्या बाजूनंच नेऊन झिप टायनं बांधून ठेवा. जुनी तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. बायको मागे आणि सॅडल बॅग भरली की मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) दोन खाचा वर घ्या, मग हेडलाइट खाली करा. नाहीतर दिवा झाडाच्या शेंड्यावर पडतो.

तिसरा_गिअर
मित्राचा ड्रम ब्रेक आहे. ताम्हिणी उतरताना कसं?

घाटउतार
ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिननं वेग धरला की ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. ड्रम सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि पकड ढिली होते. तेव्हा थांबून निवू द्यायचा, पाणी ओतायचं नाही.

वळणात क्लच दाबू नका. ओढ सुटते आणि गाडी बाहेरच्या बाजूला फेकली जाते. समोरून एसटी येत असेल तर वळणाच्या आधीच, डावीकडे, पाय टेकून थांबा. हेअरपिनला तिला सगळा रस्ता लागतो. अरुंद ठिकाणी चढणाऱ्याला वाट द्यायची, हे नियमातही आहे.

राजापूरकडे जांभ्याच्या चिऱ्यांच्या गाड्यांतून बारीक लाल खडी पडते. ती वळणाच्या आतल्या कडेला गोळा होते, नेमकी जिथून गाडी कलवून काढावीशी वाटते तिथेच. दाणे गोलसर असतात, टायरखाली मण्यांसारखे फिरतात. तिथे पुढचा ब्रेक लावायचा नाही, वेग आधीच उतरवायचा. सकाळी ताम्हिणीतल्या सावलीच्या वळणांवर दव असतं, म्हणून पहिल्या दिवशीही आठ-नऊच्या आधी घाटात शिरू नका.

खाडीकाठ
फेरीचं राहिलं. जेट्टीच्या खालच्या टोकाला शेवाळ असतं आणि फेरीचा लोखंडी पत्रा ओला. आधी बायकोला उतरवा. पहिल्या गिअरमध्ये, हँडल सरळ, न थांबता चढवा. थांबलात तर मागचा ब्रेक. आत साइड स्टँडवर, गिअरमध्ये ठेवून, हँडल डावीकडे, आणि गाडीजवळच उभे राहा. सुटे पैसे ठेवा. शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरमालकालाच विचारा.

भरतीचा अंदाज तिथीवरून येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त लांब आणि निसरडा मिळतो, तेव्हा जड गाडी त्या वेळेला चढवायची नसेल तर तासभर आधी निघा. आणि कर्द्याची वाळू कितीही कडक दिसली तरी बाइक किनाऱ्यावर नेऊ नका. खारं पाणी एकदा व्हील बेअरिंगमध्ये आणि चेनच्या रोलरमध्ये गेलं की वरून गोडं पाणी मारून ते निघत नाही.