दहावीच्या 9 लिंका एकाच छोट्या लिंकमध्ये कशा द्यायच्या?

खडूफळा
नमस्कार मंडळी. दहावीच्या तीन तुकड्यांना विज्ञानाच्या 9 लिंका द्यायच्या आहेत: ई-बालभारतीवरची दोन्ही पाठ्यपुस्तकं, दीक्षावरचे धडे, प्रयोगांची यूट्यूब प्लेलिस्ट, ड्राइव्हवरच्या 4 पीडीएफ आणि शनिवारच्या चाचणीचा गूगल फॉर्म. फॉर्म दर आठवड्याला बदलतो. पालकांच्या साध्या फोनवर, कुठलंही खातं न उघडता सगळं दिसायला हवं. खर्च करता येणार नाही. सूचनाफलकावर क्यूआर लावायचा आहे आणि तो वर्षभर बदलायचा नाही. लिंकट्री (अनेक लिंका एका पानावर मांडणारी सेवा), बिटली (लांब पत्ता छोटा करणारी सेवा) की गूगल साइट्स (गूगलवर साधं संकेतस्थळ बनवायची सोय)?

धागादोरा
यात दोन वेगळी कामं आहेत. अनेक लिंका एका पानावर मांडणं हे एक, आणि लांब पत्ता छोटा करणं हे दुसरं. तुम्हाला पहिलं हवंय. दुसऱ्याची गरज जवळजवळ नाही.

लिंकट्री इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलसाठी छान आहे. वर्गासाठी गूगल साइट्स घ्या. कोरं पान उघडा, 'इन्सर्ट'मधून 'बटन' निवडा, नाव आणि लिंक भरा. अशी 9 बटनं. शनिवारची चाचणी सगळ्यात वर ठेवा, कारण मुलं रोज तेच शोधणार. मग 'पब्लिश' करताना पत्त्याचं नाव लहान रोमन अक्षरांत द्या. पुढे चाचणी बदलली की फक्त त्या बटनाची लिंक बदलून पुन्हा 'पब्लिश' दाबायचं. हे दुसऱ्यांदा दाबायचं राहून जातं आणि मुलांना जुनीच चाचणी दिसत राहते. पानाचा पत्ता तोच राहतो, म्हणून क्यूआरही तोच.

शाळेच्या खात्यावरून साइट केली तर एक अडचण येते: अ‍ॅडमिनने बंधन घातलं असेल तर पान फक्त शाळेच्या खात्यांनाच दिसतं. पब्लिश झाल्यावर इनकॉग्निटो खिडकीत (जिथे तुमचं खातं लॉगिन नसतं) उघडून बघाच. आणि एडिटचा हक्क आणखी एका शिक्षकाला देऊन ठेवा. खातं बंद झालं तर पान हातचं जाऊ नये.

चौकटराजा
धागादोरांशी सहमत. क्यूआरसाठी पत्ता छोटा करायची गरज का नाही, त्याचा हिशेब देतो. वैयक्तिक खात्यावरून केलेल्या गूगल साइट्सच्या पत्त्यात तुम्ही दिलेल्या नावाआधी 30 अक्षरं असतात. नाव 12 अक्षरांच्या आत ठेवलंत की एकूण 42. मध्यम दुरुस्ती-पातळीला ('एम', सुमारे 15 टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो) हे 29 गुणिले 29 चौकटींत बसतं. टायनीयूआरएल या पत्ता छोटा करणाऱ्या सेवेवर 6 अक्षरी नाव घेतलंत तर 25 गुणिले 25. म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त 4 चौकटी वाचल्या, आणि मध्ये आणखी एक कंपनी आली जी उद्या सेवा बंद करू शकते. गूगलने पत्ते छोटे करणारं स्वतःचं गू डॉट जीएल 2019 मध्ये नव्या लिंकांसाठी बंद केलं. 25 ऑगस्ट 2025 पासून जुन्याही बंद होतील असं जाहीर केलं होतं. आयत्या वेळी वापरातल्या ठेवल्या, पण 2024च्या अखेरीस कुणी न उघडलेल्या गेल्याच.

छापताना क्यूआरच्या चारही बाजूंना 4 चौकटींएवढी पांढरी जागा सोडा. फलकाची रंगीत चौकट त्याला चिकटली की वाचन अडखळतं. ढोबळ नियम असा, की जितक्या अंतरावरून वाचायचं त्याच्या दहावा भाग रुंदी. दीड मीटरवरून वाचायचं असेल तर 15 सेंटिमीटर. चकचकीत लॅमिनेशन टाळा, ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित होतो. आणि 'डायनॅमिक क्यूआर'वाल्या साइटवर करू नका. त्यात त्यांचीच मधली लिंक असते आणि मोफत वापराची मुदत संपली की कोड मरतो. साधा स्टॅटिक करा, म्हणजे ज्यात तुमच्या पानाचाच पत्ता थेट असतो. क्रोममध्ये पान उघडून 'शेअर'मध्येच तो मिळतो.

खडूफळा
मनापासून आभार. ड्राइव्हच्या पीडीएफ काही पालकांना 'अ‍ॅक्सेस मागा' असं दाखवतात. शिवाय नोट्स सुधारल्या की लिंक बदलते. आणि पत्त्याचं नाव मराठीत ठेवता येईल का?

धागादोरा
प्रत्येक पीडीएफच्या 'शेअर'मध्ये 'जनरल अ‍ॅक्सेस' हे 'लिंक असलेले कोणीही' आणि 'व्ह्यूअर' असं करा. सुधारित पीडीएफ नवीन म्हणून चढवू नका. जुन्या फाइलवर राइट क्लिक करून 'मॅनेज व्हर्जन्स'मध्ये नवी प्रत चढवा, लिंक तीच राहते. फॉर्ममध्ये 'एकच उत्तर' ही मर्यादा किंवा फाइल जोडायचा प्रश्न ठेवलात तर गूगल खातं मागितलं जातं. दोन्ही काढा, हजेरी क्रमांक विचारा.

पत्ता मराठीत नको. देवनागरीतला एकेक वर्ण कॉपी केल्यावर 9 रोमन चिन्हांचा होतो. 'दहावी' या शब्दात काना-वेलांटी धरून 5 वर्ण, म्हणजे 45 चिन्हं. पानाचं शीर्षक मराठीत खुशाल ठेवा, फक्त मुख्य पानाखाली उपपानं केलीत तर 'प्रॉपर्टीज'मध्ये रोमन 'कस्टम पाथ' लिहा.

चौकटराजा
व्हॉट्सअ‍ॅपबद्दल: लिंक ग्रुपच्या वर्णनात टाका. पिन केलेला संदेश जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो. आणि लिंकला मराठी प्रत्यय चिकटवू नका. 'याच लिंकवर चाचणी आहे' या अर्थाने पत्त्याला लागूनच 'वर' लिहिलं, तर फोन ते दोन्ही मिळून पत्ता समजतो आणि पान सापडत नाही. पूर्णविरामही जोडू नका. वाक्य वर, पत्ता खालच्या ओळीत एकटा.