विद्यार्थ्यांचे अनवट प्रायोगिक लघुपट: खरी ओढ कशाची?

काळी_फीत:
माझ्या मते ओढ अडचणीची आहे. १६ मिमी फिल्मचं १०० फुटी रीळ सेकंदाला २४ फ्रेमने जेमतेम पावणेतीन मिनिटं चालतं. स्प्रिंगवर चालणाऱ्या बोलेक्स कॅमेऱ्याला पूर्ण चावी दिली तरी शॉट २८ सेकंदांच्या आसपास संपतो. स्प्रिंगचा वेग काटेकोर राहत नाही, वर कॅमेऱ्याची घरघर, त्यामुळे ओठांशी जुळणारे संवाद घेता येत नाहीत. मग चित्र आणि आवाज वेगवेगळे रचावे लागतात, आणि तिथूनच नवी भाषा निघते. मोठ्या निर्मितीत ही वेळच येत नाही.

ध्वनीपेटी:
मला पटत नाही. आता बहुतेक जण डिजिटलवर काम करतात. तिथे चावी नाही, रीळ नाही, तरी चित्र-आवाजातला तुटकपणा तोच. कारण साधं आहे: जागेचा निव्वळ आवाज मिनिटभरसुद्धा घेऊन ठेवलेला नसतो, म्हणून प्रत्येक कटला पार्श्वभूमी खटकन बदलते. माइक कॅमेऱ्यावरच, नट तीन मीटर लांब, म्हणजे शब्दांपेक्षा भिंतींचा घुमारा जास्त. ते झाकायला घुमणाऱ्या सुराचा थर. याला शैली म्हणू नये.

अर्धी_फ्रेम:
आवाजाबद्दल पूर्ण सहमत. पण चूक कुठली आणि निवड कुठली, हे बघून कळतं. रीळ भरताना-काढताना प्रकाश शिरला की सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम पांढरी पडत जाते. ती तशीच राहिली तर निष्काळजीपणा. तोच पांढरा झोत मधल्या कटांवर ठराविक अंतराने आणून बसवला, तर ते संकलन. अमेरिकी दिग्दर्शक डेव्हिड लिंचचं १९६७ मधलं विद्यार्थीदशेतलं काम आठवा: सुमारे एका मिनिटाचं ॲनिमेशन, डोक्यांचे प्लास्टर साचे बसवलेल्या पडद्यावर, सायरनच्या आवाजासह पुन्हा पुन्हा चालवलेलं. त्यात कथा नाही, पण प्रत्येक आवर्तनात नजर वेगळ्या ठिकाणी जाते.

ध्वनीपेटी:
हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! एक कल्पना, एक मिनिट. तीच कल्पना बारा मिनिटं ताणली की प्रयोग मरतो. तिसऱ्या मिनिटानंतर नवं काही येत नसेल तर तिथेच कापा.

काळी_फीत:
कापण्याआधी आवाज बंद करून एकदा बघा, मग चित्र बंद करून फक्त ऐका. दोन्ही वेळा काहीतरी उरलं तर लांबी सोसते. एकातच उरलं, तर मात्र तुमची कात्री मान्य.