तयारी मोठी की स्वराचा लगाव?

मंद्रसप्तक: हल्ली मैफलीत टाळ्या पडतात त्या द्रुत तानांना आणि तबल्याबरोबरच्या सवाल-जवाबाला. घरी पोहोचेपर्यंत त्यातलं काही मनात उरत नाही. आता ख्यालगायक कुमार गंधर्व ऐका. क्षयामुळे त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं, १९४७ नंतर काही वर्षं गाणंच बंद होतं. देवासला राहून ते पुन्हा गायला लागले तेव्हा लांब दमाची तान घेणं अवघडच होतं. छोट्या छोट्या स्वरवाक्यांत ते गायले. त्यांच्या निर्गुणी भजनांनी पोटात जे कालवतं, ते तिन्ही सप्तकांत लीलया फिरणाऱ्या किती गळ्यांना जमतं? गळ्याची तयारी थक्क करते, हलवत नाही; हलवतो तो स्वराचा लगाव, म्हणजे स्वर लावण्याची रीत. माझं मत पक्कं आहे.

खर्ज: मुळीच पटलं नाही. कुमारजींकडे तयारी नव्हती की काय? लहान वयातच परिषदा गाजवलेल्या, शिवाय गुरू बी. आर. देवधर मास्तरांची तालीम. एवढ्याशा श्वासात तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, नेमका लावायचा आणि मधल्या विरामातही लय सुटू द्यायची नाही, याहून अवघड काय असतं? दरबारी रागातला गंधार घ्या. अतिकोमल, म्हणजे कोमलाहूनही किंचित उतरलेला, आणि आंदोलित, म्हणजे संथ डोलणारा. आंदोलनात जरा घाई झाली की राग अडाणा या दुसऱ्या रागाकडे झुकतो आणि सगळं गांभीर्य जातं. तुम्ही ज्याला भाव म्हणता, तो त्या अचूकपणातच आहे.

ओवी: माझी आजी दळताना गायची. सूर हलायचा, तरी डोळे भरायचे.

खर्ज: तिथे आजी रडवते, गाणं नाही. परक्याला ऐकवून बघा.

ओवी: परक्यांनी ऐकलंय की! हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या संशोधकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या ध्वनिमुद्रणांतली एकही बाई माझ्या नात्यातली नाही. शब्द नीट कळायच्या आधीच गळा दाटतो.

आकार: मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवी ऐका. त्यांचे गुरू अल्लादियाखाँसाहेब यांची तालीम त्यात स्वरागणिक दिसते, आणि ती हलवतेही.

मंद्रसप्तक: पण तशीच तालीम कितीजणांना मिळाली! सगळे का नाही हलवत? किशोरीताई आमोणकरांना आई मोगूबाई कुर्डीकरांची कडक तालीम होती. पुढे त्यांनी आलापाला, भावाला जास्त जागा दिली, तेव्हा जयपूर घराण्याची शिस्त मोडली अशी टीका झाली. आज लोक त्यांचा भूप राग ऐकतात तो तानांसाठी नाही.

खर्ज: स्वर तसा ठेवणं हीसुद्धा त्या तालमीचीच कमाई. लगाव, आस (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणारा नाद), कण (मुख्य स्वराला हलकेच शिवणारा शेजारचा स्वर) हे सगळं शिकता येतं. शिकवणारे रोज तासभर पलटे, म्हणजे स्वरांचे ठरावीक सरावक्रम, घोटून घेतात आणि एका गंधारावर थांबायला पाच मिनिटं देत नाहीत, तिथे खरी गडबड आहे. स्पर्धेतही गुण तानांनाच.

मंद्रसप्तक: गुणांचं अगदी मान्य. पण आस शिकवून येते हे नाही पटत. ओवीताईंच्या आजीला कोणी शिकवली होती?