तीन ‘सीवुल्फ’ की वीस ‘व्हर्जिनिया’?

दर्यावर्दी

शीतयुद्धाच्या अखेरीस अमेरिकन नौदलाने सीवुल्फ वर्गाच्या २९ आण्विक हल्लेखोर पाणबुड्या बांधायचे ठरवले होते. प्रत्यक्षात तीनच झाल्या. सोव्हिएत संघ कोसळला, एकेका बोटीचा खर्च ३ अब्ज डॉलरच्या घरात गेला आणि जानेवारी १९९२ मध्ये थोरल्या बुशसाहेबांनी हा कार्यक्रम गुंडाळण्याची घोषणा केली. त्यानंतर जो ‘परवडणारा’ पर्याय पुढे आला तो व्हर्जिनिया वर्ग. त्याची पहिली बोट २००४ मध्ये दाखल झाली आणि आजवर वीसहून अधिक बोटी झाल्या आहेत.

माझे मत असे की सीवुल्फ बंद करणे ही चूक होती. तिच्या ६६० मिलिमीटर व्यासाच्या, पाणतीर सोडण्याच्या आठ नळ्या आणि ५० पाणतीर किंवा क्षेपणास्त्रे मावतील असे कोठार पाहिले, की व्हर्जिनियाच्या ५३३ मिलिमीटरच्या चार नळ्या अपुऱ्या वाटू लागतात. हल्लेखोर पाणबुडीचे पहिले काम शत्रूच्या पाणबुडीचा माग काढून तिला बुडवण्याचे आहे, आणि त्या कामासाठी सीवुल्फइतकी निःसंकोचपणे बांधलेली बोट अमेरिकेने नंतर बांधली नाही.

हिशेबनीस

आपण एका बोटीची दुसऱ्या बोटीशी कुस्ती लावत आहात. नौदलाला मात्र समुद्र राखायचा असतो. साधारणपणे तीन बोटींपैकी एक मोहिमेवर, एक सरावात आणि एक गोदीत असे गणित धरले जाते. सीवुल्फ वर्गात मुळातच तीन बोटी, त्यातही २००५ मध्ये दाखल झालेली ‘जिमी कार्टर’ ही सुमारे ३० मीटरचा जोड देऊन खास कामगिऱ्यांसाठी बांधलेली. २ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘कनेक्टिकट’ दक्षिण चीन समुद्रात पाण्याखालच्या डोंगरावर आदळली आणि प्रदीर्घ दुरुस्तीत अडकली. आता मोजा, नेहमीच्या कामाला या वर्गाची कोणती बोट उरली? ‘सीवुल्फ’ एकटी. शिवाय तीनच बोटींच्या वर्गाचे सुटे भाग कोणता कारखाना आनंदाने बनवत राहील?

दर्यावर्दी

@हिशेबनीस, तीनच उरल्या हा सीवुल्फच्या आराखड्याचा दोष कसा? २९ बांधल्या असत्या तर सुटे भागही मिळाले असते. आणि ज्या काटकसरीचे आपण कौतुक करता तिचे पुढे काय झाले तेही पाहावे. व्हर्जिनिया आरंभी सुमारे ७,८०० टनांची होती. पाचव्या टप्प्यातल्या बहुतेक बोटींत आणखी २८ टॉमाहॉक क्षेपणास्त्रे मावावीत म्हणून मधोमध नवा भाग घातला जातो आहे, त्यामुळे पाण्याखालचे वजन १०,२०० टनांवर जाते. ‘सीवुल्फ’चे वजन ९,१०० टनांच्या आसपास आहे. म्हणजे महागडी आणि अवजड म्हणून जी नाकारली, तिच्याहून जड बोट आज आपण ‘बेतशीर’ म्हणून बांधतो आहोत. (‘आपण’ म्हणजे अमेरिकन. या विषयात बोलताना माझे असे होते खरे.)

शंकेखोर

हिशेबनीसांचे गणित मान्य करूनही एक शंका राहते. कागदावरची संख्या ही समुद्रावरची संख्या नसते. लॉस एंजलिस वर्गाच्या तब्बल ६२ बोटी झाल्या, तरी त्याच वर्गातली ‘बॉइसी’ २०१५ मध्ये मोहिमेवरून परतल्यावर दुरुस्तीची वाट पाहत राहिली, २०१७ मध्ये तिला पाण्याखाली जाण्याचे प्रमाणपत्र उरले नाही आणि मोठ्या दुरुस्तीचे कंत्राट झाले २०२४ मध्ये. व्हर्जिनियाचेही तेच. वर्षाला दोन बोटींचे उद्दिष्ट आणि उत्पादन मात्र सव्वाच्या आसपास. त्यातूनच अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या ऑकस करारानुसार ऑस्ट्रेलियाला किमान तीन द्यायच्या आहेत. तेव्हा वर्गांची तुलना करताना नळ्या मोजण्याआधी गोदीतले वेल्डर मोजावेत, असे मला वाटते.

उत्तरवारा

चर्चा अमेरिकेपुरतीच का? रशियाची यासेन वर्गाची पहिली बोट ‘सेवेरोद्विन्स्क’ १९९३ मध्ये बांधायला घेतली आणि २०१४ मध्ये तिच्यावर नौदलाचा ध्वज चढला. मध्ये वीस वर्षे गेली, त्यात एक देश कफल्लक होऊन सावरला. तरीही १३,८०० टनांची ही बोट पाण्याखालून लांब पल्ल्याची क्रूझ क्षेपणास्त्रे डागते. तिची रचनाही जुन्या सोव्हिएत वळणाची राहिलेली नाही. नाकाची सगळी जागा सोनारला, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रणेला देऊन पाणतीरांच्या नळ्या मागे सरकवल्या आहेत, म्हणजे अमेरिकनांनी जे १९६० च्या दशकापासून केले तेच. जून २०२४ मध्ये सुधारित यासेन वर्गातली ‘कझान’ हवानाच्या बंदरात शिरली, तेव्हा तिच्या मागे आणखी किती बोटी आहेत असा प्रश्न कोणी विचारत बसले नाही. दर्यावर्दींच्या बाजूने हा मुद्दा नोंदवावा.

हिशेबनीस

@उत्तरवारा, हवानाची भेट ही दाखवण्यासाठीच होती. दिसणारी पाणबुडी हा मुत्सद्देगिरीचा विषय आहे, युद्धाचा नव्हे.

माझ्या मते खरा धडा फ्रान्सकडून घ्यावा. सुफ्रँ वर्गाची बोट पाण्याखाली जेमतेम ५,३०० टनांची आणि तिच्यावर सुमारे ६५ माणसे. व्हर्जिनियावर याच्या दुप्पट लागतात. कमी वेगात ती विजेच्या मोटरवर चालते, त्यामुळे गिअरचा खडखडाट टळतो. इंधन कमी समृद्ध युरेनियमचे असल्याने दर दहा वर्षांनी ते बदलावे लागते, तर व्हर्जिनियाची अणुभट्टी तिच्या ३३ वर्षांच्या आयुष्यात पुन्हा उघडावी लागत नाही. हा तोटा फ्रेंचांनी जाणूनबुजून पत्करला आणि सहाच बोटींचा ताफा आपल्या ऐपतीत बसवला.

दर्यावर्दी

सुफ्रँबद्दल मी माघार घेतो. तिच्यात डौल आहे आणि शहाणपणही. पण तिचा कमाल वेग २५ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास. वेगाने निघालेल्या विमानवाहू ताफ्याबरोबर टिकायचे असेल, तर तो डौल काय कामाचा? सीवुल्फ ३५ नॉटपर्यंत जाते असे मानले जाते. त्या मुद्द्यावर मी अजून जागचा हललेलो नाही.

शंकेखोर

वेगाने जाणारी पाणबुडी बहिरी होते, कारण पाण्याचा स्वतःचाच आवाज तिच्या सोनारवर आदळतो. तेव्हा ३५ नॉट हा पोहोचण्याचा वेग झाला, ऐकण्याचा नव्हे.

आणि जाता जाता आपल्या घरचे. रशियाकडून भाड्याने घेतलेली ‘चक्रा’ २०२१ मध्ये परत गेल्यापासून भारताकडे एकही आण्विक हल्लेखोर पाणबुडी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातच दोन बांधण्यास मंजुरी मिळाली. माझगाव गोदीने स्कॉर्पीन वर्गाच्या सहा डिझेल-इलेक्ट्रिक बोटी पूर्ण केल्या, त्यातली शेवटची ‘वाघशीर’ जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. आण्विक बोटींचे काम मात्र विशाखापट्टणमचे. हिशेबनीसांचेच गणित लावले, तर दोनांपैकी एक गोदीत असताना दुसरी अरबी समुद्रात ठेवायची की बंगालच्या उपसागरात?