प्रश्नावलीचं थाई भाषांतर झालं की काम संपलं?

शेवगा:
पीएचक्यू-9 ही नैराश्य चाचपायची नऊ प्रश्नांची यादी. झोप, भूक, थकवा, मरणाचे विचार. गेल्या दोन आठवड्यांत कुठला त्रास किती दिवस झाला ते रुग्णाने सांगायचं, प्रत्येकी 0 ते 3 गुण. मूळ इंग्रजी यादी 2001ची, 10 आणि वर गुण आले की पुढे तपासायचं. थाई आवृत्तीची पडताळणी बँकॉकच्या रामाथिबोडी रुग्णालयात 279 रुग्णांवर झाली, 2008 साली छापून आली. वेगळ्या निदान-मुलाखतीत 19 जणांना नैराश्य निघालं. मूळ यादीत बेरजेशिवाय 'पाच लक्षणं, निम्म्याहून जास्त दिवस' असाही एक नियम आहे, तो लावला तर त्यातले 10च सापडत होते. नुसती बेरीज करून 9ची रेषा धरली, तर 16. भाषांतर तेच, फक्त मोजायची रीत बदलली! हे टेबलाशी बसून कुठल्या भाषांतरकाराला कळलं असतं? पडताळणी न झालेल्या यादीचे गुण केसपेपरवर लिहूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

कातळशिल्प:
साफ असहमत. 19 पैकी 16 म्हणजे 84 टक्के. एक रुग्ण इकडचा तिकडे झाला की आकडा पाच टक्क्यांनी हलणार. एवढ्याशा पायावर 10चे 9 करायचे? प्रत्येक देशाने आपापली रेषा आखली तर तुलना कशाची कशाशी करणार? शिवाय पडताळणीला पैसा लागतो, तज्ज्ञ लागतात, महिने जातात. तोवर जिवाला कंटाळलेल्या माणसाला विचारायचंच नाही का? नीट भाषांतर करा, थोड्या रुग्णांना वाचायला देऊन कुठे अडखळतात ते बघा आणि सुरुवात करा.

शेवगा:
विचारू नका असं मी कुठे म्हटलं? मरणाच्या प्रश्नाला 'हो' आलं तर बेरीज न बघता बोलायला बसावं. वाद गुणांचा आहे. त्याच अभ्यासात 9 किंवा वर गेलेल्या दर पाच जणांत साधारण एकालाच नैराश्य होतं. हे ठाऊक असलेला डॉक्टर नुसत्या आकड्यावर गोळ्या सुरू करणार नाही. आणि 19 कमी वाटत असतील तर आणखी रुग्ण घ्या, पडताळणी सोडून देऊ नका.

ओवी:
तुम्ही दोघंही बँकॉकमध्येच अडकलात. ईशान्येकडच्या इसान भागात घरात लाओच्या जवळची बोली चालते. तिथल्या उबोन रात्चाथानीच्या मनोरुग्णालयाने 9क्यू ही वेगळी यादी उभी केली, तिची रेषा 7. आधी 2क्यूचे दोन प्रश्न, एकाला जरी 'हो' आलं तरी मग हे नऊ. ते दोन प्रश्न गावातले आरोग्य स्वयंसेवकही विचारतात, आणि मला खरी काळजी तिथेच वाटते. ओळखीची शेजारीण ओट्यावर बसून विचारतेय, घरातले ऐकताहेत, अशा वेळी सून खरं सांगेल? आपल्याकडे आशाताई घरोघरी आजारांचा धोका चाचपायला जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यातही असेच दोन प्रश्न आहेत. रुग्णालयात कागदावर भरून घेतलेल्या यादीची पडताळणी ओट्यावर लागू पडते, हे कोणी तपासलं?

कातळशिल्प:
ओवी, हा मुद्दा मान्य. पण मग उबोनचा माणूस बँकॉकला उपचाराला आला तर त्याला 7ने धरायचं की 9ने?

शेवगा:
याद्याच वेगळ्या आहेत, त्यांचे गुण एकमेकांत मिसळायचेच नाहीत. कुठली यादी, कोणी विचारली, तोंडी की कागदावर आणि शेजारी कोण होतं, एवढं गुणांच्या पुढे लिहा. त्याला ना पैसा लागतो ना तज्ज्ञ.